वाड्याचे काय घ्यावे, काय टाकावे?
बार्शीच्या घरबांधणीचा इतिहास आणि आजचे घर

घर बांधणे हे केवळ गवंडी-सुताराचे काम नव्हे. त्यात कुळाचा इतिहासही बांधला जात असतो. आपल्या ज्ञातीतील ज्या कुटुंबांची मुळे बार्शी शहरात अथवा तालुक्यातील खेड्यांत आहेत, त्यांपैकी पुष्कळांपुढे आज एकच प्रश्न उभा आहे. वडिलार्जित वाडा जीर्ण झाला आहे; भाऊबंदांत त्याच्या वाटण्या झाल्या आहेत; कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, तर कोणी परदेशी स्थायिक झाला आहे. मग हा वाडा पाडून त्या जागी सिमेंटची इमारत उठवावी, की तो आहे तसा सावरून धरावा? या प्रश्नाचे उत्तर बहुधा भावनेच्या भरात किंवा पैशाच्या हिशेबात दिले जाते. ते इतिहासाच्या प्रकाशात कसे दिसते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखकाचे मत आरंभीच सांगून टाकतो: वाड्याचे रूप जपण्यापेक्षा वाड्याची रीत जपणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि त्या रीतीतही काही गोष्टी घेण्यासारख्या, तर काही निःसंकोच टाकून देण्यासारख्या आहेत.

भूमी आणि हवा

कोणत्याही प्रदेशाचे घर प्रथम तेथील भूमी आणि हवा घडविते. बार्शी ही बालाघाटाच्या पायथ्याची पेठ. चोहोकडे काळी कसदार जमीन, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पाऊस थोडा आणि लहरी. त्याचा मोठा हिस्सा सप्टेंबरातील परतीच्या सरींतून मिळतो. कोकणात पावसाचा मारा एवढा की तेथील छपरास तीव्र उतार द्यावा लागतो. आपल्याकडे वैरी पाऊस नव्हे, ऊन होय. म्हणून येथील घराने उताराचे छप्पर सोडून सपाट मातीचे धाबे स्वीकारले. त्याच धाब्यावर उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत, सुगीत धान्य पसरले जाई आणि रात्री घरातील माणसे आभाळाखाली झोपत.

आपले पूर्वज जमिनीचे दोनच प्रकार मानीत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. जुन्या गावठाणातील ती पांढरी माती चिकट, पाणी सहजी न झिरपू देणारी. तीच भिंतीस, तीच धाब्यास आणि तीच दिवाळीच्या पोतेऱ्यास. काळी माती मात्र पावसात फुगते व उन्हात भेगाळते. म्हणून जाणता गवंडी ती उकरून काढून मुरमापर्यंत पाया नेत असे. घराची पहिली अक्कल ही अशी जमिनीखालीच होती.

तेरपासून पेशवाईपर्यंत

या प्रदेशाची बांधकामविद्या फार जुनी आहे. बार्शीच्या पूर्वेस, धाराशिव जिल्ह्यात असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात या बाजारपेठेचा उल्लेख आहे. गोरोबाकाकांचे म्हणून आपण ज्या गावास वंदन करतो, तेच हे तेर. तेथील त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे असून त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार आहे. मूळचे ते बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. तेरच्या काही प्राचीन विटा इतक्या हलक्या व सच्छिद्र आहेत की त्या पाण्यावर तरंगतात. तेथील उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा पाहिली म्हणजे या भागातील सुताराचा हात किती जुना व किती तयार होता, याची साक्ष पटते. वीट हलकी करावी आणि लाकूड कुशलतेने जोडावे, ही समज आपल्या शेजारात दीड-दोन हजार वर्षांपूर्वी नांदत होती. पुढे हिचा आपणांस विसर पडला, त्याची किंमत किती भारी पडली हे यथाक्रम येईलच.

यादवकाळात, तेराव्या शतकात, दगडी मंदिरांची जी पद्धती रूढ झाली तिला यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावरून आपण हेमाडपंती म्हणतो. बार्शीकरांचे आराध्यदैवत श्रीभगवंत याचे मंदिर याच परंपरेतले. या पद्धतीत घडीव दगड एकमेकांत खाचा पाडून बसविले जात. चुन्यावर भिस्त नसे. दगड दगडास धरून राहिला पाहिजे, हे तिचे सूत्र. परंतु ही मेहनत देवळास आणि किल्ल्यास परवडणारी. सामान्य गृहस्थाच्या घरास ती लाभली नाही.

घराचा विकास निराळ्या वाटेने झाला. पुण्यात १७३२ मध्ये वास्तुशांती झालेला शनिवारवाडा हा मराठी वाड्याच्या राजवैभवाचा कळस. त्याच्या लाकडी इमारतीचा मोठा भाग १८२८ च्या आगीत भस्म झाला. पण दगडी जोते, लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, त्यात भरलेली भिंत आणि मध्ये चौक ही त्याची मूळ कल्पना गावोगावच्या वाड्यांत पूर्वीपासून होती व पुढेही राहिली.

वाडा कसा रचला जाई?

आपल्या भागातील वाड्याचे माप फुटात सांगत नसत, खणात सांगत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. ‘पाच खणी सोपा’, ‘सात खणी माडी’ असे शब्द जुन्या कागदपत्रांतही येतात. दगडी उथळ्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर लग, लगांवर किलच आणि त्यावर मातीचे धाबे, असा हा क्रम. छताचा भार खांबांनी वाहावा आणि भिंतीने ऊन, वारा व चोर यांना अडवावे, अशी यात श्रमाची विभागणी होती.

दिंडी दरवाजातून आत येताच ढाळज. तेथे आल्यागेल्याची विचारपूस होई, हिशेबाच्या वह्या उघडल्या जात. पुढे चौक आणि त्यात तुळशीवृंदावन. चौकाभोवती ओसरी व सोपा, आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर. धान्यासाठी बळद, जमिनीखाली पेव. मागे न्हाणी, आड आणि परसू. भिंती दोन-दोन हात जाड. त्यांत कोनाडे, देवळ्या, खुंट्या.

ही योजना हौसेखातर नव्हती. जाड दगडी भिंतीतून दुपारचे ऊन आत शिरेपर्यंत रात्र उजाडते. तोवर बाहेरची हवा निवालेली असते. रात्रीची थंड हवा जड म्हणून चौकात उतरते आणि सकाळी बराच वेळ तेथेच रेंगाळते. ओसरीची सावली भिंतीवर ऊन पडू देत नाही. सायंकाळी चौकात सडा टाकला की तेच पाणी वाफ होताना हवेतील उष्मा घेऊन जाते. वास्तुपुरुषमंडलात मध्यभागास ब्रह्मस्थान म्हणून मोकळे ठेवण्याचा जो संकेत आहे, त्याचा प्रत्यक्ष लाभ चौक देत होता. आज दिशांचे तक्ते विकणारे पुष्कळ आहेत. पण ज्या घरास चौकच उरला नाही, त्यास ब्रह्मस्थान कोठून मिळणार?

लोहमार्ग, पत्रा आणि सिमेंट

बार्शी ही इंग्रजी मुलखाच्या सीमेवरील पेठ. पलीकडे निजामाची मोगलाई. या व्यापाराच्या जोरावर १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे येथे आली. १९११ मध्ये ती लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. १९५४ साली ती सरकारजमा झाली, व एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचा मार्ग रुंद झाला. या गाडीने बार्शीचा माल बाहेर नेला, तसा बाहेरचा माल बार्शीत येणेही सुलभ केले. पूर्वी घराचे साहित्य पंचक्रोशीतून येई. आता ते रुळांवरून येऊ लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिमेंट व लोखंड सर्वत्र मिळू लागले, तसा चुना मळणाऱ्या घाणीचा आवाज थांबला. घाणी थांबली तशी चुन्याची घोटाई जाणणारे हातही दुर्मिळ झाले.

सिमेंटची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. त्याने गोरगरिबांस न गळणारे छत दिले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दुपारी तापतो आणि संध्याकाळी, नेमक्या झोपेच्या वेळी, ती उष्णता खोलीत सोडतो. मग पंखा, मग कूलर, मग वातानुकूलन यंत्र आणि शेवटी विजेचे देयक! ज्या हवेस आपले आजोबा भिंतीच्या जाडीने आवरत होते, तिला आपण दरमहा पैसे मोजून आवरतो.

३० सप्टेंबर १९९३

येथवर वाचून कोणास वाटेल की, लेखक जुन्याची भलामण करीत आहे. परंतु आपल्या भागात घराचा इतिहास लिहावयाचा तर एक तारीख ओलांडून पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन करून गावे नुकतीच निजली असताना किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी बार्शीपासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे जमीनदोस्त झाली. सरकारी गणनेप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. आपल्यापैकी अनेकांचे सोयरे-धायरे त्या मुलखातले. त्या पहाटेचे दुःख बार्शीस परके नव्हते.

माणसे कशाने मेली? भूकंपाने जमीन हलविली. प्राण घेतले ते घरांनी. दगडमातीच्या जाड भिंतींत बाहेरचा एक पदर, आतला एक पदर आणि मध्ये गोटे-मातीची भर, अशी रचना होती. दोन्ही पदरांस सांधणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच पदर फुटून अलग झाले आणि भिंती ढासळल्या. त्यात डोक्यावर धाबे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा नवा हात दिला जाई. जुनी माती काढण्याची तसदी क्वचितच कोणी घेई. दहा फूट लांब-रुंद खोलीवर फूटभर मातीचा थर म्हणजे सुमारे साडेचार टन ओझे. थर दोन फुटांचा झाला की नऊ टन. पिढ्यान् पिढ्या आपण आपल्याच मुलाबाळांच्या डोक्यावर हा भार चढवीत गेलो होतो.

मात्र त्याच विध्वंसात एक गोष्ट जाणकारांच्या नजरेस आली. ज्या घरांत खणांचा लाकडी सांगाडा होता, त्यांपैकी अनेकांच्या भिंती कोसळूनही खांब व तुळया उभ्या राहिल्या. काटकसरीने खांब गाळून तुळया थेट भिंतीवर टेकविल्या होत्या, तेथे भिंतीबरोबर छतही खाली आले. याचा अर्थ स्पष्ट आहे. खणाची मूळ रीत खोटी नव्हती. तीत शिरलेली कसूर घातक ठरली. दगड दगडास धरून ठेवण्याचे हेमाडपंती सूत्र आणि वीट हलकी करण्याचे तेरचे शहाणपण, या दोहोंचा घरबांधणीस विसर पडला होता.

भूकंपानंतर लोकांनी दगडाचीच धास्ती घेतली. पुनर्वसनात सरळ रस्ते, समान भूखंड आणि एकसारखी घरे यांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या घरांनी सुरक्षितता दिली. पण लवकरच रहिवाशांनी त्यांस पडव्या जोडल्या, कुंपणभिंती घातल्या, पुढे सावलीची जागा केली. ज्यांनी घर गमावले होते, ते स्वतःच्या हातांनी ओसरी आणि अंगण पुन्हा शोधीत होते.

काय टाकावे?

वाड्यातील पहिली टाकावयाची गोष्ट म्हणजे माथ्यावरील मातीचे ओझे. दुसरी, अंधार. माजघरास खिडकी नाही, स्वयंपाकघरास एक साणे तेवढे. त्या धुरात आपल्या आया-आज्यांचे डोळे गेले. ओसरीवर पुरुषमंडळी बसली असता स्त्रियांनी आतून आतच वावरावयाचे. चौकाच्या ज्या गारव्याचे आपण गोडवे गातो, तो त्यांच्या वाट्यास किती आला, हे प्रामाणिकपणे विचारावे.

तिसरी गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत लिहिणे काहींस अप्रस्तुत वाटेल, तरी लिहिलेच पाहिजे. वाड्याचे उंबरे माणसांची प्रतवारी लावीत. कोणी ढाळजेपर्यंत, कोणी चौकापर्यंत, कोणी सोप्यापर्यंत. आणि काहींनी तर दिंडी दरवाजाच्या बाहेरच थांबावयाचे. ज्या वडारांनी दगड फोडला व ज्या हातांनी माती वाहिली, त्यांस त्याच घराच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नसे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. नव्या घराचा नकाशा काढताना ती जुनी प्रतवारी नकळतही त्यात उतरू नये. पूर्वजांचा अभिमान धरणाऱ्यांनी त्यांच्या चुकांचे ओझेही ओळखले पाहिजे.

काय घ्यावे?

पहिली घ्यावयाची वस्तू म्हणजे पाया. काळ्या मातीत घाई करू नये. मुरूम लागेपर्यंत खोदावे.

दुसरी, भिंत. वाड्याचा दगड टाकाऊ नाही. तो पुन्हा वापरता येतो. १९९३ सालीच भारतीय मानक संस्थेने अशा दगडी बांधकामासाठी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यात भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे दीड फुटापेक्षा, अधिक नसावी असे सांगितले आहे. दर ६०० मिलिमीटर उंचीस आणि आडव्या अंतरात १.२ मीटरच्या आत एक आरपार दगड असावा. जोत्याशी, दारे-खिडक्यांच्या माथ्याशी आणि छताशी घरास चोहोबाजूंनी कवटाळणारा सलग पट्टा असावा. हा पट्टा म्हणजे घराचा कंबरपट्टाच समजावा. एवढे केले तर दीड फुटाची भिंतही पश्चिमेचे ऊन पुष्कळ थोपवते.

तिसरी, खण. खांबांच्या ठरावीक अंतराची शिस्त सिमेंटच्या सांगाड्यातही पाळता येते. वाड्याचे सागवानी खांब सुस्थितीत असतील तर ते ओसरीस वापरावेत. जुन्या लाकडाच्या वखारीत ते मातीमोल जातात आणि शहरांतील उपाहारगृहांत शोभेसाठी उभे राहतात, ही खेदाची गोष्ट आहे.

चौथी, छत. त्यावर माती नको, पण उघडा स्लॅबही नको. स्लॅबच्या खालच्या भागात ठरावीक अंतराने कौले बसवून काँक्रीट वाचविण्याची पद्धत केरळात स्थायिक झालेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी लोकप्रिय केली. तीत छताचे वजन घटते व कौलाच्या पोकळीमुळे उष्णताही अडते. वरून विटांच्या तुकड्यांचा कोबा व चुन्याची सफेदी केली तरी फरक पडतो. हलके आणि गार छत: तेरची वीटच जणू परत आली!

पाचवी आणि मुख्य गोष्ट म्हणजे चौक. तीस बाय चाळीस फुटांच्या भूखंडातही आठ-दहा फुटांचा चौक बसतो. न्हाणीघर, जिना व कोठी पश्चिमेस आणि दक्षिणेस ठेवावी, म्हणजे ऊन त्यांनी झेलावे. निजण्याच्या व बसण्याच्या खोल्या चौकाकडे उघडाव्यात. स्वयंपाकघर अंधाऱ्या मागच्या कोपऱ्यात न ढकलता त्याचे तोंडही चौकाकडे करावे.

चौकाखाली पाण्याचा हौद बांधावा. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातुरास मिरजेहून पाण्याची गाडी गेली, ती आपल्या बार्शीवरूनच. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या व प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर पाणी होते. आता हिशेब करावा: शंभर चौरस मीटरच्या छतावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचे पाणी नेमके ५०,००० लिटर होते. त्यातले काही वाया जाईल, हे खरे. तरीही दर पावसाळ्यात जवळपास एक वाघीणभर पाणी आपल्या माथ्यावरून गटारात वाहून जाते, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

भाऊबंदांचा प्रश्न

वाडा बहुधा उन्हाने वा पावसाने पडत नाही. तो वाटणीने पडतो. दोन भाऊ चौकाच्या मधोमध भिंत घालतात आणि त्याच दिवशी चौक दोघांनाही पारखा होतो. अर्ध्या चौकात ना ऊन येते, ना वारा फिरतो. याला दुसरा मार्ग आहे. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ नंतर नवी मुंबईत बेलापूर येथे जी वसाहत उभारली, तीत सात-सात स्वतंत्र घरे आठ मीटरच्या एका लहान चौकाभोवती मांडली. प्रत्येक घर स्वतंत्र, त्याच्या भिंती स्वतःच्या, वाढविण्याची मोकळीकही स्वतःची. चौक मात्र सर्वांचा. जे परस्परांस अपरिचित कुटुंबांस साधले, ते एका आजोबांच्या नातवंडांस का साधू नये? वाटणीपत्रात खोल्या वाटाव्यात, चौक सामाईक ठेवावा, एवढे एक वाक्य वकिलाकडून लिहून घेतले तरी पुष्कळ वाडे वाचतील.

अखेरची विनंती

ज्ञातिबंधू आणि भगिनींनो, ज्यांस वाडा पाडणे अटळ आहे, त्यांनी तो खुशाल पाडावा. जीर्ण भिंतीखाली राहणे हे काही पूर्वजप्रेम नव्हे. मात्र पाडण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. स्थापत्य अभियंत्याकडून वाड्याची तपासणी करून घ्यावी. कदाचित तो सावरण्याजोगा असेल. त्याचा मोजून नकाशा काढावा व प्रत्येक खणाचे छायाचित्र घ्यावे. वयोवृद्ध गवंडी, सुतार व घरातील आजी यांस त्याची माहिती विचारून लिहून ठेवावी. आणि ज्या दिवशी नव्या घराचा नकाशा हाती येईल, त्या दिवशी त्यात चौक कोठे आहे व डोक्यावर भार किती आहे, हे दोन प्रश्न प्रथम विचारावेत. पुढील पिढी त्या घरात निजणार आहे.